आवाज पिणाऱ्या भिंती

धम्मपालने रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी संपली, खोली मात्र गप्प बसली नाही. समोरासमोरच्या दोन कोऱ्या भिंती ती एकमेकींकडे टोलवत राहिल्या आणि कानाशी पत्र्याच्या डब्यात वाटाणे सांडल्यासारखा आवाज उरला. दोन पावलं सरकून त्याने पुन्हा टाळी वाजवली. पुन्हा वाटाणे.

"दाजी, आपल्यात आरती कधीपासून सुरू झाली?" दारातून समाधानने विचारलं.

समाधान त्याचा मेहुणा, पंचशीलाचा धाकटा भाऊ. भाईंदरलाच स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेसवर होता. दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या मशिनीशेजारी उभं राहून त्याचे कान जाड झाले होते आणि आवाज चढला होता. साधी गोष्टही तो भांडल्यासारखी सांगायचा.

"आरती नाही रे. खोली बोलते का ते बघतोय."

"मग? काय म्हणते?"

"फार बोलते."

"ताईवर गेली," समाधान म्हणाला.

धम्मपाल हसला आणि मग हसू आवरून भिंतीकडे बघत राहिला. जानेवारी १९९४. भाईंदरच्या जेसल पार्कमधलं तिसऱ्या मजल्यावरचं हे घर घेऊन दीड वर्ष झालं होतं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि ही दहा बाय बाराची आतली खोली. आतल्या खोलीत त्याने पलंग टाकला नव्हता की कपाट ठेवलं नव्हतं. ती एका कामासाठी राखून ठेवली होती.

लग्नानंतरची पहिली चार वर्षं दोघांनी भांडुपला समाधानच्याच घरात, पडद्याआड काढली होती. तिथे पंचशीलाला रेडिओवरचं एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी मिळालं नाही. मुखडा संपेस्तोवर नळाला पाणी यायचं, अंतऱ्याला शेजारचं भांडण पेटायचं. "एक खोली पाहिजे," ती म्हणायची, "जिथे एक गाणं अख्खं ऐकता येईल. मधे कुणी हाक मारायची नाही." धम्मपालने तेव्हाच शब्द दिला होता. घर घ्यायचं ठरलं तेव्हा ती नर्सच्या नोकरीवर सौदीला गेली, दोन वर्षांच्या करारावर. घराची किल्ली हातात आली तेव्हा ती गेलेली होती. या घरात पंचशीला एक दिवसही राहिली नव्हती. तिने ते फोटोत पाहिलं होतं.

करार मे महिन्यात संपत होता, आणि गेल्या आठवड्यात आलेल्या कॅसेटमध्ये तिने एक गोष्ट विचारली होती.

दोघांची पत्रं नव्हती, कॅसेटी होत्या. केबिन रोडवरच्या बूथमधून परदेशी फोन लावला तर मागे रांग उभी असायची आणि तीन मिनिटं 'ऐकू येतंय का' यातच संपायची. शिवाय तिच्या हॉस्टेलवर बाहेरचा फोन घ्यायची मुभा फक्त शुक्रवारी दुपारी. म्हणून ती महिन्याला एक कॅसेट दोन्ही बाजूंनी बोलून भरायची आणि टपालाने किंवा सुट्टीवर येणाऱ्या एखाद्या नर्सबरोबर पाठवायची. धम्मपालही तसंच उत्तर द्यायचा. तिची प्रत्येक कॅसेट 'जयभीम'ने सुरू व्हायची, आणि मग ड्यूटी, जेवण, तिथलं ऊन.

"अहो, ऐका," या वेळी ती म्हणाली होती, "मेट्रन विचारतात, अजून दोन वर्षं राहणार का म्हणून. फॉर्म द्यायचाय, फेब्रुवारी संपायच्या आत. मला इथे त्रास काहीच नाही. खोलीत आम्ही दोघीच, मी आणि एक केरळची मुलगी. खाली गालिचा आहे, पाय टाकला तर आवाज होत नाही बघा. तेव्हा माझ्यासाठी म्हणून काही ठरवू नका. तुम्ही म्हणाल तसं."

धम्मपालला 'ये' म्हणायचं होतं. पहिल्या महिन्यापासून म्हणायचं होतं. पण इथे काय होतं? एक दिवसाआड टँकर, तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवणं, आणि तो सकाळी आठला निघून रात्री नऊला घरी. गालिच्यावरून उठवून तिला या पाण्याच्या रांगेत कोणत्या तोंडाने बोलवायचं? तिची स्वतःची इच्छा असली तर वेगळं. म्हणून त्याच्या मनाने एक मधला रस्ता काढला. आधी खोली करायची. तिने मागितली होती तशी, तंतोतंत. खोली झाली असं कळलं की तिलाच यावंसं वाटेल, आणि मग 'ये' हा शब्द आपल्याला उच्चारावाच लागणार नाही.

खोली कशी करायची हे त्याला शिकवायची गरज नव्हती. अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत तो बारा वर्षं ध्वनिमुद्रक होता. पडद्यावर माणूस शेतात असेल तर त्याचा आवाज शेतातला वाटला पाहिजे, जिन्यात असेल तर जिन्यातला. कलाकार मात्र कायम एकाच बंद खोलीत उभे. त्यामुळे शेत, जिना, देऊळ, तुरुंग हे सगळं धम्मपालला तयार करावं लागायचं. कुठे जाड घोंगडी टांग, कुठे माइक लांब ने. बाथरूमच्या प्रसंगाला तर स्टुडिओचं खरंखुरं बाथरूमच कामाला यायचं. तिथे एक स्पीकर ठेवायचा, एक माइक ठेवायचा आणि आवाज त्या फरशांवरून फिरवून आणायचा. माणूस काय बोलतो याकडे त्याचं लक्ष नसे. तो बोलतोय ती जागा कुठली, हे तो ऐकायचा.

"त्यात काय एवढं," समाधान म्हणाला, "अंड्यांचे ट्रे चिकटवा. माझ्या ओळखीचा अंडीवाला आहे, शंभर ट्रे फुकट देईल. सगळे बँडवाले तेच लावतात."

"ट्रे फक्त वरचा, बारीक आवाज खातात. खालचा तसाच राहतो. गाणं बसकं ऐकू येईल."

"मग थर्मोकोल."

"थर्मोकोल काहीच खात नाही."

"खाण्यापिण्याचे एवढे नखरे ताईने माझ्या घरात केले नाहीत," समाधान म्हणाला आणि चहाला गेला.

धम्मपालने चार गोष्टींचे तुकडे आणून खोलीत मांडले. सॉफ्टबोर्ड, काथ्याची गादी, काचेच्या तंतूंचं ग्लासवूल आणि दगड वितळवून केलेलं रॉकवूल. प्रत्येक तुकडा भिंतीला टेकवून तो समोर तोंड करून बोलला, टाळी वाजवली, वहीत नोंद केली. सॉफ्टबोर्ड फार कडक. काथ्या बरा, पण भाईंदरच्या दमट हवेत वास धरणार. शेवटी दोन उरले, आणि रॉकवूल जड असूनही त्याने तेच निवडलं, कारण ग्लासवूलचे तंतू कापडातून बाहेर आले तर अंगाला खाज सुटते आणि पंचशीलाच्या हातांना आधीच औषधांनी पुरळ यायचं. दोन इंच जाडीचा थर, त्यामागे दोन इंच मोकळी जागा, सागवानी पट्ट्यांची चौकट, वरून कापड.

कापडासाठी तो केबिन रोडवरच्या दुकानात गेला. तिथे त्याने एकेक ठाण उलगडायला लावलं, कापड तोंडाला लावलं आणि त्यातून जोरात फुंकर मारली. पलीकडे हातावर वारा लागला तर कापड चांगलं. ज्यातून हवा जाते त्यातूनच आवाज जातो, नाहीतर तो वरच्या वर परततो. सहाव्या ठाणाला दुकानदाराचा धीर सुटला.

"भाईसाब, कपड़ा लेना है या गुब्बारा फुलाना है?"

"हवा पास होना चाहिए."

"तो मच्छरदानी ले जाओ ना, पूरा हवा पास."

गिऱ्हाइकं हसली. धम्मपालने शांतपणे सातवं ठाण मागितलं. त्यातून वारा लागला. बाटलीसारखा हिरवा रंग, जाडसर वीण.

चौकटी करायला जवळच्या गोडदेव गावचा भूपेश आला. त्याच्या वडिलांची मिठागरं होती. ती जागा आता राहिली नव्हती आणि भूपेश इमारतींमधून फर्निचरची कामं घ्यायचा. त्याने भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या आणि डोकं खाजवलं.

"शेट, ही अशी मधीमधीच कं? सगली भिंत झाकून टाकू ना."

"सगळी झाकली तर जीव गुदमरतो. आवाज मरून जातो. थोडी भिंत उघडी पाहिजे."

"ह्ये बराबर हाय," भूपेश म्हणाला. "आमच्या मिठागराव पेंढ्याची खोप होती. आत शिरला का मानूस बहिरा झाल्यावानी व्हायचा. बा बोलायचा, हितं जास्ती बसू नको, सोताच्याच छातीचा आवाज येतो. पेंढा आवाज पितो, शेट."

"हे पण पितं."

"मंग त्याला पेंढाच लावायचा व्हता. फुकट भेटला असता."

"तुमचं आणि समाधानचं जमेल," धम्मपाल म्हणाला.

या खुणा कुठे करायच्या हे ठरवायला आधी आरसा लागला होता. धम्मपाल समोर स्पीकर मांडून खोलीत ऐकायच्या जागी खुर्ची टाकून बसला आणि समाधानला हातात आरसा घेऊन भिंतीला घासत चालायला सांगितलं. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल तिथून आवाज भिंतीला आपटून कानात येणार. तिथे पॅनेल.

"दाजी, अजून पुढे? थोबाड दिसतंय का माझं?"

"थोबाड नको, स्पीकर. खाली घे. थांब. थांब म्हटलं ना!"

"पोरगी बघायला आल्यासारखं वाटतंय. होकार द्या एकदाचा."

आठ पॅनेल ठरले. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तीन-तीन, पाठीमागे दोन. हे सगळं धम्मपालने जानेवारीच्या शेवटी कॅसेटमध्ये भरलं. सॉफ्टबोर्ड का नको, रॉकवूल का, फुंकर कशी मारली, आरसा कसा फिरवला, दोन्ही बाजू. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "बाकी फॉर्मचं म्हणतेस ते तू ठरव. तुला योग्य वाटेल ते कर. माझी आडकाठी नाही." कॅसेट दुसऱ्या दिवशी टपालात टाकली.

काम संपलं ते रविवारी, वीस फेब्रुवारीला सकाळी. भूपेशने शेवटचा स्क्रू पिळला, धम्मपालने टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली. एवढंच.

शेजारच्या हंसाबेन दारात डोकावल्या. त्यांचा कुकर, त्यांचा टीव्ही आणि त्यांचं जिन्यातलं बोलणं या तिन्हींचा त्रास धम्मपालला होता, पण बाई मनाच्या चांगल्या होत्या. खोलीच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी स्वतःच दोन-चार शब्द बोलून पाहिले आणि कानावर हात ठेवला.

"अरे धम्मपालभाई, ये तो जैसे रजाई में मुँह डाल के बोलते हो. पंचशीलाबेन को कब बुलाते?"

"देखेंगे," तो म्हणाला.

"देखेंगे क्या? इतना किया तो किसके लिए किया?" असं म्हणून त्या गेल्या.

भूपेश आणि समाधान गेल्यावर त्याने दार लावलं, डेक जोडला, खुर्चीत बसला. गाणं लावायचं नव्हतं. या खोलीतलं पहिलं गाणं दोघांनी मिळून ऐकायचं, हे त्याने मनाशी धरलं होतं. मग काय लावायचं? पंचशीलाचीच शेवटची कॅसेट त्याने लावली. आतापर्यंत तिच्या कॅसेटी त्याने बाहेरच्या खोलीत टू-इन-वनवर ऐकल्या होत्या, आजूबाजूला कुकरच्या शिट्ट्या आणि रिकाम्या घराचा घुमारा. स्टुडिओत त्या त्याने कधी नेल्या नव्हत्या. तिथे चार माणसांचे कान असतात.

"जयभीम," पंचशीला म्हणाली.

ती इतकी जवळून बोलली की तो खुर्चीत पुढे झुकला. तिचा श्वास ऐकू आला, शब्द सुरू करण्याआधी ओठ सुटतात तो बारीक आवाज ऐकू आला. वीस महिन्यांत ती एवढी जवळ कधी आली नव्हती. एक मिनिटभर तो फक्त तिचंच ऐकत राहिला.

मग सवयीने त्याने जागा ऐकली.

प्रत्येक शब्दाच्या मागे एक छोटी, चकचकीत शेपूट होती. 'जेवण'च्या मागे होती, 'ड्यूटी'च्या मागे होती. अगदी जवळच्या, कडक, गुळगुळीत भिंती. चार फूट, फार तर पाच. इतके दिवस हा घुमारा आपल्याच कोऱ्या भिंतींचा आहे असं तो धरून चालला होता. आता त्याच्या भिंती गप्प होत्या आणि तो अजून येत होता.

"खाली गालिचा आहे," पंचशीला म्हणाली, "पाय टाकला तर आवाज होत नाही बघा."

गालिचा हा शब्दसुद्धा फरशीवर आपटून परत आला.

धम्मपालने कॅसेट मागे घेतली. पुन्हा ऐकली. लांबून एक थेंब पडत होता, प्लास्टिकच्या बादलीत, पाच-सहा सेकंदांनी एक. मग दारावर टकटक झाली आणि ती वाक्याच्या मध्येच थांबली. माइकपासून तोंड फिरवून हळूच म्हणाली, "दो मिनिट, सिस्टर." टेप बंद झाल्याचा खटका. मग पुन्हा, "हं, तर काय सांगत होते..." तीच जागा. बादली मात्र आता भरून वाहत होती.

तिच्या वीसही कॅसेटी त्याने कपाटातून काढल्या, तारखांप्रमाणे मांडल्या आणि पुढेमागे करत प्रत्येकीचा थोडा थोडा भाग ऐकला. पहिल्या तीन एका मोठ्या खोलीतल्या होत्या. मागे बायकांची कुजबूज, पत्र्याच्या खाटांची करकर, आणि ती भरभर, दबक्या आवाजात बोलत होती. चौथीपासून फरशी सुरू झाली. चौथीपासून विसावीपर्यंत, सतरा महिने. काहींची एकेक बाजू पूर्ण लावून तीत किती वेळा टकटक होते ते त्याने मोजलं. कधी पाच, कधी नऊ. हाका मारणारे आवाज मोजले; आजवर कुकरच्या शिट्ट्यांत ते नीट सुटे ऐकू आले नव्हते. वेगवेगळे सात ओळखता आले. दोघींच्या खोलीत सात आवाज. म्हणजे सात-आठ जणींत एक बाथरूम, आणि नवऱ्याशी बोलायला मिळणारी बंद दाराची जागा तेवढीच. तिथे एखाद्या दुसऱ्या, उलट्या बादलीवर बसून ती त्याला गालिच्याचं सांगत होती.

संध्याकाळी समाधान डबा घेऊन आला तेव्हा खोलीभर कॅसेटी पसरलेल्या होत्या. धम्मपालने त्याला खुर्चीत बसवलं आणि ती जागा ऐकवली.

"ऐकलंस?"

"मस्त येतोय की ताईचा आवाज. समोर बसल्यासारखा."

"मागचं ऐक. शब्दाच्या मागचं."

समाधानने डोळे मिटून ऐकलं. कपाळाला आठ्या पडल्या. "मला नाही दाजी काही. माझे कान प्रेसने खाल्ले."

धम्मपालने सांगितलं. समाधान पहिल्यांदाच हळू बोलला.

"मग आजच कळवा. तुझं खोटं पकडलं म्हणावं, गप घरी ये."

"तेच नाही म्हणायचं."

"का?"

"सतरा महिने तिने ते माझ्यापासून लपवलं. मला वाईट वाटू नये म्हणून. ते मी भिंतीला कान लावून काढून घेतलं असं तिला सांगू? तिला काय वाटेल? यापुढे मोकळेपणाने दोन शब्द तरी बोलेल का ती?"

"मग काय, तिला तिथेच ठेवणार?"

धम्मपाल पसरलेल्या कॅसेटी गोळा करू लागला. मघाशी, तिच्या कॅसेटी संपल्यावर, त्याने स्वतःच्या कॅसेटीही आठवून पाहिल्या होत्या. त्याने काय काय पाठवलं? घराचं रंगकाम, टँकरचे दिवस, स्टुडिओतल्या गमती, पॅनेल. वीस कॅसेटी, आणि 'ये' एकदाही नाही. 'तू ठरव' मात्र किती वेळा. ती गालिच्याआड बसली होती आणि तो या खोलीआड.

"तिला यायला सांगायला मला कारण कशाला लागतंय?" तो शेवटी म्हणाला. "मला ती हवी आहे, हे पुरे नाही का?"

"आम्हाला काय विचारता," समाधान डबा उघडत म्हणाला. "आम्ही तर लग्नातच सांगितलं होतं, हिला न्या म्हणून."

कॅसेट आता वेळेत पोचणार नव्हती. टपालाला वीस-बावीस दिवस, आणि महिना संपायला आठ. राहिला फोन. फोन म्हणजे शुक्रवार.

सोमवार ते गुरुवार धम्मपाल कामावर गेला, इतरांचे आवाज शेतात आणि जिन्यात पोचवले. शुक्रवारी अर्धी रजा टाकून तो साडेतीनला केबिन रोडच्या बूथवर आला. आधीच सहा माणसं होती. बूथला काचेचं दार होतं, पण त्याची कडी तुटल्यामुळे ते अर्धं उघडंच राहायचं. बाहेर रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, शेजारच्या दुकानात मिक्सर चालवून दाखवत होते. सव्वाचारला त्याचा नंबर लागला. चौथ्या प्रयत्नात घंटी वाजली, कुणीतरी मल्याळी बाई बोलली, तिने पंचशीलाला हाक मारली, आणि मीटरचे लाल आकडे पुढे सरकताना बघत धम्मपाल थांबला.

"हॅलो? अहो? काय झालं? बरे आहात ना?" तिला धाप लागली होती. जिना उतरून आली असणार.

"बरा आहे. सगळं बरं आहे."

"खोली झाली?"

"झाली. शीला, ऐक—"

"गाणं लावलंत?"

"नाही. तू ऐक ना. फॉर्म देऊ नकोस."

"काय? मोठ्याने बोला. आवाज कापतोय."

एका कानात बोट घालून धम्मपाल मोठ्याने म्हणाला, "फॉर्म देऊ नकोस! तू ये!"

"काय? येऊ?"

"ये! घरी ये! मला तू इथे पाहिजेस!"

भाजीवाला गप्प झाला. रांगेतला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "बराबर बोलतो." तारेच्या त्या टोकाला काहीच आवाज नव्हता. धम्मपालने सवयीने कान देऊन पाहिलं, ती कुठे उभी आहे, भिंत कसली आहे, जवळ कुणी आहे का. पण टेलिफोन जागा ऐकू देत नाही. तिथे फक्त ती होती.

"तुमची कॅसेट मंगळवारी आली," ती म्हणाली. आता ती हळू बोलत होती, पण त्याला प्रत्येक शब्द कळला. "दोन्ही बाजू ऐकल्या. दोनदा ऐकल्या. मला वाटलं शेवटी तरी बोलाल. तुम्ही म्हणालात, तू ठरव."

"शीला—"

"बुधवारी सही केली मी. मेट्रननी कालच पुढे पाठवला फॉर्म."

"परत मागता येणार नाही?"

"आता नाही येत. मे महिन्यात पंचेचाळीस दिवस सुट्टी मिळेल. मग दोन वर्षं."

मिक्सर पुन्हा सुरू झाला होता. धम्मपालने काचेचं दार ओढून धरलं. ते पूर्ण लागत नव्हतंच, पण त्याने ते हाताने दाबून धरलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"माझी काळजी करू नका. मी मजेत आहे इथे. खोली चांगली आहे. सांगितलं ना मी, गालिचाबिलिचा आहे."

"हो," तो म्हणाला. "सांगितलंस तू. माहीत आहे मला."

"मग झालं तर."

"भाऊ, दस मिनिट होने आया," बूथवाला बाहेरून म्हणाला. रांगेतल्या म्हाताऱ्याने त्याला हाताने गप्प बस म्हणून खुणावलं.

"ठेवायचा का?" तिने विचारलं.

"हं."

"थांबा. अहो, ठेवू नका. मघाशी नीट ऐकू नाही आलं मला. ते पुन्हा एकदा म्हणा."

तिला नीट ऐकू आलं होतं, हे धम्मपालला कळत होतं. त्याने रिसीव्हर दोन्ही हातांत धरला, दार सुटून उघडं पडलं, आणि रस्त्यावरच्या सगळ्या गलक्यात तो म्हणाला, "ये."

"अजून एकदा."

"ये, शीला."

"अजून," ती म्हणाली, आणि मीटरकडे न बघता तो म्हणत राहिला.